जुन्या सर्व्हरांची निगा कोणी राखायची?

शहराचा कारभार दोन जातींच्या कामांवर चालतो. एक दिसणारे काम आणि दुसरे न दिसणारे. पूल बांधला की त्याचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पुढे त्याच पुलाचा गंज खरवडून त्याला वेळच्या वेळी रंग देणाऱ्या माणसाचे छायाचित्र कोणी छापीत नाही. त्याने आपले काम नीट केले तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडत नाही म्हणजे त्या कामाची गरज नाही, असा निष्कर्ष काढणारे शहाणे प्रत्येक कचेरीत असतात. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो या दुसऱ्या जातीच्या कामाचा आहे. ज्यांची ऑपरेटिंग सिस्टिम कालबाह्य झाली आहे असे सर्व्हर कसे सांभाळावेत, ते नव्या प्रणालीवर कसे न्यावेत आणि हे काम बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे का राहून जाते, हा तो विषय.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्याने संगणकावर बोलावे याचे कित्येकांना नवल वाटेल. आम्ही हे शास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. परंतु रात्रपाळीला सर्व्हर सांभाळणारा तरुण हाही कामगारच आहे. सर्व्हर बंद पडला की पहिला फोन त्याला जातो आणि पहिली नोटीसही त्यालाच मिळते. अशा तरुणांना प्रश्न विचारून, चौकशीचे अहवाल वाचून जे आम्हाला उमगले, ते जाणकारांपेक्षा सामान्य नागरिकांना अधिक उपयोगी पडेल अशी आमची समजूत आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

बँकेच्या खिडकीवर पासबुक छापून मिळते, सातबाऱ्याचा उतारा घरबसल्या पाहता येतो, रेल्वेचे तिकीट निघते, इस्पितळात रुग्णाचे जुने कागद क्षणात पडद्यावर येतात. या प्रत्येक वेळी आपल्यासमोरचा संगणक अगर खिशातला फोन कुठल्यातरी दूरच्या संगणकाकडे विचारणा करीत असतो. उत्तर देणारा तो दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर. तो काही निराळ्या जातीचा प्राणी नव्हे. बहुधा त्याला स्वतःचा पडदा नसतो, तो कुलूपबंद थंड खोलीत अहोरात्र चालतो आणि एका माणसाऐवजी हजारोंच्या मागण्या पुरवतो, इतकाच फरक.

या यंत्रात तीन थर असतात. तळाला लोखंडी सामान. वरच्या थरात प्रत्यक्ष कामाचे प्रोग्रॅम. म्हणजे खातेवही, पगारपत्रक, घरपट्टीची नोंद वगैरे. या दोहोंच्या मध्ये जो थर असतो त्याचे नाव ऑपरेटिंग सिस्टिम. गोदीत जसा मुकादम, तशी यंत्रात ही प्रणाली. कोणाला किती जागा द्यायची, कोणाचे काम आधी लावायचे, कोणती कोठी कोणाला उघडून द्यायची, दारातून कोणाला आत घ्यायचे, हे सर्व मुकादम ठरवतो. मुकादम दक्ष असेल तर वरचे काम बिनघोर चालते. तो डोळ्यांनी अधू झाला तर चोर आत शिरले तरी त्याला कळत नाही. गोदीचे काम मात्र वरवर पूर्वीसारखेच चालू राहते.

मुदत संपणे म्हणजे काय?

येथे एक शंका येईल. लोखंड गंजते, पट्टा झिजतो. पण प्रोग्रॅम तर झिजत नाही. मग तो जुना होतो म्हणजे काय होते?

उत्तर असे की, प्रोग्रॅम बदलत नाही, पण त्याच्याविषयीचे ज्ञान वाढत जाते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे माणसांनी लिहिलेल्या लक्षावधी ओळी. इतके लिहिल्यावर त्यांत चुका राहणारच. त्या चुकांपैकी काही अशा असतात की, त्यांतून परका माणूस आत शिरू शकतो. वर्षे जातात तशा त्या एकेक करून उघडकीस येतात. प्रणालीचा कर्ता दर वेळी दुरुस्ती पाठवतो. तिला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे सरळ मराठीत ठिगळ. जोवर ठिगळे येत आहेत आणि वेळच्या वेळी लावली जात आहेत, तोवर वस्त्र जुने असले तरी अंग झाकते.

पण कर्ता जन्मभर ठिगळे पुरवीत नाही. तो तारीख जाहीर करतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज २००० ही प्रणाली फेब्रुवारी २००० मध्ये आली आणि तिची ठिगळे १३ जुलै २०१० रोजी थांबली. विंडोज सर्व्हर २००३ ची मुदत १४ जुलै २०१५ ला संपली, सर्व्हर २००८ ची १४ जानेवारी २०२० ला, सर्व्हर २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ ला. मुदतीनंतर काही वर्षे जादा पैसे भरून ठिगळे घेता येतात, पण तो तात्पुरता उपाय. फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणालींनाही हा नियम लागू आहे. सेंटॉस ७ ही लिनक्स प्रणाली जगभर असंख्य सर्व्हरांवर होती. तिची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. तिच्या भांडाराचे नेहमीचे पत्ते बंद झाले, जुने साहित्य 'व्हॉल्ट' नावाच्या कोठारात गेले, आणि नेहमीच्या रीतीने नवे काही बसवू पाहणाऱ्यांची आज्ञा यंत्र नाकारू लागले.

मुदतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर बंद पडत नाही, यातच खरी फसगत आहे. तो कालच्याइतकाच वेगाने चालतो. साहेबांना वाटते, उगाच घाबरवले. पण धोका त्या दिवसापासून वाढू लागतो. तो कसा, हे नीट पाहण्यासारखे आहे. नवी प्रणाली बहुधा जुनीच्याच पायावर उभी असते. नव्या प्रणालीसाठी ठिगळ निघाले की, ते कोठे लावले आहे हे पाहून चोराला भोक कोठे होते ते समजते. तेच भोक जुन्या प्रणालीतही असण्याचा संभव दाट; आणि तेथे ठिगळ कधीच येणार नसते. म्हणजे शेजाऱ्याने आपले दार दुरुस्त केले की, आपले दार कोठे कच्चे आहे याची जाहिरात होते!

मग बदलत का नाहीत?

"आळस, दुसरे काय!" असे म्हणणे सोपे आहे. आमच्या अनुभवास तसे येत नाही. जुना सर्व्हर न बदलण्यामागे बहुधा खरी अडचण असते आणि ती समजून घेतल्याशिवाय कोणाला बोल लावणे न्यायाचे नव्हे.

पहिली अडचण साखळीची. मुकादम बदलला तर त्याच्या हाताखालच्या गड्यांनाही नवी भाषा शिकावी लागते. एक ठळक उदाहरण घ्या. पीएचपी नावाच्या भाषेत असंख्य कचेऱ्यांचे प्रोग्रॅम लिहिलेले आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये तिची सातवी आवृत्ती आली आणि माहितीच्या भांडाराशी बोलण्याच्या जुन्या आज्ञांचा एक अख्खा संच तिच्यातून काढून टाकण्यात आला. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर नवी पीएचपी येते. नव्या पीएचपीवर जुना प्रोग्रॅम चालत नाही. आणि तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नोकरी सोडून केव्हाच गेलेला असतो. एक कडी ओढावी तर सगळी साखळी हातात येते.

दुसरी अडचण वेळेची. बदल करायचा तर काही तास सर्व्हर थांबवावा लागतो. इस्पितळ कधी बंद नसते, बंदर कधी बंद नसते. मग हे काम रविवारी पहाटे, दिवाळीच्या सुटीत, कोणाच्या तरी झोपेतून कापून काढावे लागते. अशा जागरणाची भरपाई सुटी कागदावर असली तरी हाती पडतेच असे नाही.

तिसरी अडचण भरवशाची. सेंटॉसचीच हकीकत पाहा. तिची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आली तेव्हा ती २०२९ पर्यंत चालेल असे सांगितले गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, ती २०२१ अखेरच बंद होणार. परिणाम असा झाला की, ज्यांनी कर्तव्यदक्षपणे सातवीवरून आठवीवर उडी घेतली त्यांना वर्षभरात पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले, आणि जे सातवीवर स्वस्थ बसले होते त्यांना २०२४ पर्यंत सवड मिळाली. मेहनत करणाऱ्याला शिक्षा आणि बसून राहणाऱ्याला बक्षीस! अशा अनुभवानंतर "चालत्या गाडीला खीळ घालू नये" असे कोणी म्हणाले तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही. पुढे सेंटॉसची जागा घेण्यासाठी आल्मालिनक्स व रॉकी लिनक्स या दोन प्रणाली पुष्कळांच्या सहकार्यातून उभ्या राहिल्या, हा या हकीकतीतला दिलाशाचा भाग.

चौथी अडचण सर्वांत मोठी. निगेचे काम कोणाच्याच खात्यात धरलेले नसते. हे तत्त्व नुसते सांगून पटणार नाही. म्हणून एक घडलेली गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो.

२७ जून २०१७

मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांत गणली जाते. २७ जून २०१७ रोजी कोपनहेगनच्या मुख्य कचेरीतले संगणकांचे पडदे एकामागून एक काळे पडू लागले. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी प्रोग्रॅमच्या दुरुस्त्यांमध्ये कोणी विषारी प्रोग्रॅम मिसळला होता. पुढे त्याला नॉटपेट्या हे नाव पडले. मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत हा हिशेबी प्रोग्रॅम एका संगणकावर होता. तेवढे दार पुरे झाले. काही तासांत आग साऱ्या जगभरच्या कचेऱ्यांत पसरली.

कंपनीच्या ७६ बंदर-टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांचे व्यवहार ठप्प झाले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या टर्मिनलच्या फाटकाबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या. आपल्या नव्या मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलमध्ये मर्स्कची भागीदारी होती. तेथलेही काम थबकले. कोणता कंटेनर कोणाचा, कोठे ठेवला, कोणत्या जहाजावर चढवायचा, हे सांगणारा सर्व्हरच मुका झाला होता. क्रेन शाबूत, जहाज शाबूत, माणसे हजर, आणि काम नाही! ट्रकड्रायव्हरचा रोज बुडाला की तो कोणाकडे मागायचा, याचे उत्तर कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

अँडी ग्रीनबर्ग या पत्रकाराने २०१८ साली 'वायर्ड' मासिकात या प्रकरणाचा जो वृत्तान्त लिहिला, त्यात दोन गोष्टी अशा आहेत की, त्या प्रत्येक कचेरीत भिंतीवर लावाव्यात.

पहिली अशी. हल्ल्याच्या दिवसापर्यंत कंपनीचे काही सर्व्हर विंडोज २००० वर चालत होते. म्हणजे ठिगळे बंद होऊन सात वर्षे लोटली होती. संगणक विभागातल्या काही अधिकाऱ्यांनी २०१६ सालीच धोक्याची घंटा वाजवली होती. ठिगळे वेळेवर लागत नाहीत, प्रणाली जुन्या आहेत, आणि मुख्य म्हणजे साऱ्या जगाचे नेटवर्क आडभिंतींशिवाय एकच एक आहे, असे त्यांनी सांगितले. सुधारणेची योजना मंजूर झाली. पैसेही मंजूर झाले. परंतु वरिष्ठांचे वर्षाचे काम ज्या कसोट्यांवर मोजले जाई त्या कसोट्यांत ही सुधारणा घातली गेली नाही. ती केली तर बोनस वाढणार नव्हता. ती झाली नाही.

हे पुन्हा एकदा ध्यानात घ्यावे. ज्ञान होते, इशारा होता, पैसाही होता. कमी पडली ती एकच गोष्ट: हे काम कोणाचे, आणि ते न केल्यास जाब कोणाला विचारायचा, याची लेखी नोंद.

दुसरी गोष्ट अशी. कोणाला कोठे प्रवेश आहे याची वही सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीने जगभर ठेवले होते. प्रत्येकात इतरांची नक्कल असे. एक पडला तर दुसरा उभा राहील अशी ही योजना. सगळे एकाच वेळी पडतील हे कोणी धरले नव्हते, आणि ते सगळे पडले. शोधता शोधता एक वाचलेला सापडला, तो आफ्रिकेत घाना देशात. तेथे हल्ल्याच्या आधी वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! तेथून माहिती तारेवरून पाठवायला फार दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एक कर्मचारी डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तेथे विमानतळावर त्याने ती दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि तो दुसरा ती घेऊन लंडनला उतरला. त्या एका डिस्कवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले की, १० दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारले गेले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला. दहा दिवसांत माणसे काय करू शकतात ते दिसले. पण जे दहा दिवसांत जमले ते आधीच्या सात वर्षांत का जमले नाही, हाही प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

येथे सत्यास धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा विषारी प्रोग्रॅम जुन्या भोकातून शिरे, आणि एकदा आत आला की त्या यंत्रातल्या किल्ल्या चोरून ठिगळ लावलेल्या यंत्रांतही घुसे. म्हणून नुसती नवी प्रणाली घेतली म्हणजे सुटलो, असे नाही. आडभिंती नसल्या तर वाड्यातले एक जुने दारही सगळ्या वाड्याला नडते.

हुकूम आणि अंमल

त्याच वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा दुसरा विषारी प्रोग्रॅम दीडशेहून अधिक देशांत पसरला होता. त्याचे भोक बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चला दिलेले होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या २३६ विश्वस्त संस्थांपैकी ८१ संस्थांना याची झळ लागली. रुग्णांच्या १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तेथील सरकारी हिशेब तपासनीस कार्यालयाचा अंदाज आहे. त्याच अहवालात दोन गोष्टी नमूद आहेत. बाधित यंत्रांपैकी बहुतेक तेव्हा मुदतीत असलेल्या विंडोज ७ वर होती, फक्त ठिगळ लावलेले नव्हते. आणि ठिगळ लावा असे इशारे मार्च-एप्रिलमध्ये संस्थांना गेले होते. पण ते पाळले गेले की नाही हे तपासण्याची कसलीही रीतसर व्यवस्था खात्याकडे नव्हती. हुकूम निघाला, म्हणजे काम झाले असे धरले गेले.

याच्या शेजारी आपल्या रिझर्व्ह बँकेचे जून २०१८ चे परिपत्रक ठेवून पाहावे. एटीएम यंत्रांपैकी अनेक तोवर विंडोज एक्सपीवर चालत होती. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ लाच संपली होती. "लवकरात लवकर बदल करावा" एवढे लिहून रिझर्व्ह बँक थांबली नाही. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी, असे तिने बँकांना बांधून दिले. एटीएम हे काही सर्व्हर नव्हे, पण रोग एकच आणि औषधही एकच. पाव, निम्मे, पाऊण, पूर्ण: हे मोजता येते. जे मोजता येते त्याचा जाब विचारता येतो.

निगेची रीत

आता प्रत्यक्ष काम कसे करतात ते पाहू. जाणत्या माणसांनी आम्हाला जी रीत समजावून दिली ती घरातल्या कोणालाही कळेल अशी आहे.

पहिली पायरी मोजदादीची. आपल्याकडे सर्व्हर किती, कोणत्या प्रणालीवर, तिची मुदत कधी संपते, त्यावर कोणते काम चालते, ते कोणाला ठाऊक आहे. ही यादी करणे हेच पुष्कळ ठिकाणी अर्धे काम ठरते. कपाटामागे, जिन्याखाली कोणीतरी कधीतरी लावून ठेवलेले यंत्र सापडते, आणि त्याच्यावरच पगारपत्रक चालू असल्याचे कळते!

दुसरी पायरी कुंपणाची. जो सर्व्हर लगेच बदलता येत नाही त्याला एकटे ठेवायचे. त्याच्याशी कोणत्या यंत्राने, कोणत्या दारातून बोलायचे ते ठरवून बाकीची दारे बंद करायची. बाहेरच्या इंटरनेटशी त्याचा संबंध तोडायचा. इस्पितळातली काही महागडी यंत्रे जुन्याच प्रणालीवर चालतात आणि ती बदलणे इस्पितळाच्या हाती नसते. तेथे कुंपण हाच उपाय. मात्र कुंपण घातले म्हणजे बदलण्याची तारीख विसरायची, असे नव्हे.

तिसरी पायरी बॅकअपची, म्हणजे माहितीची नक्कल दुसरीकडे ठेवण्याची. निदान एक नक्कल तरी जाळ्यापासून तोडून ठेवावी. घानाची गोष्ट आठवावी. मर्स्कला तेथे विजेने वाचवले. आपण वीज जाण्याची वाट पाहू नये. शिवाय, बॅकअप घेतला का हा अर्धाच प्रश्न आहे. त्यावरून सर्व्हर परत उभा करून पाहिला का, हा पूर्ण प्रश्न. कणगी भरलेली आहे असे समजून चालावे आणि दुष्काळात झाकण काढल्यावर आत भुसा निघावा, असे होऊ नये.

चौथी पायरी रंगीत तालमीची. सर्व्हरची हुबेहूब नक्कल वेगळ्या यंत्रावर उभारून नवी प्रणाली आधी तिच्यावर चढवतात. जी कडी तुटायची ती तेथे तुटू देतात. त्या वेळी रोज काम करणारे कारकून हजर असावेत, असा आमचा आग्रह आहे. महिनाअखेरची पावती कोठे अडते हे तंत्रज्ञाला ठाऊक नसते. खिडकीवर बसणाऱ्या बाईंना ते बरोबर ठाऊक असते.

पाचवी पायरी प्रत्यक्ष बदलाची. याच्या दोन तऱ्हा. एक, राहत्या घरातच दुरुस्ती: त्याच यंत्रावर जुनी प्रणाली काढून नवी चढवणे. ही तऱ्हा स्वस्त पण जोखमीची. तिच्यात पायऱ्या गाळता येत नाहीत. डेबियन या लिनक्स प्रणालीचे कर्ते तर स्पष्ट सांगतात की, मधली आवृत्ती सोडून पुढच्या आवृत्तीवर थेट उडी मारू नये. म्हणून जो दहा वर्षे थांबला त्याला एका रात्रीत दहा वर्षांचे जिने चढावे लागतात. दुसरी तऱ्हा, शेजारी नवे घर बांधून सामान हलवणे: नवा सर्व्हर नव्या प्रणालीसह उभारायचा, माहिती तिकडे न्यायची, चार दिवस ताळा जुळवून पाहायचा आणि मग एका रात्री लोकांची वाट नव्याकडे वळवायची. खर्च जास्त, पण झोप शांत. मोठा पल्ला असेल तर जाणकार हीच तऱ्हा पसंत करतात.

सहावी पायरी परतीच्या वाटेची. काम सुरू करण्यापूर्वीच ठरवायचे की, पहाटे चारपर्यंत अमुक गोष्ट साधली नाही तर मागे फिरायचे. ही वेळ लिहून ठेवायची आणि मागे फिरण्याचा हुकूम देण्याचा अधिकार जागेवर असलेल्या माणसाला द्यायचा. थकलेल्या माणसाला पहाटे वरिष्ठांचा फोन लागत नाही, आणि "अजून पाच मिनिटे" म्हणता म्हणता सकाळ होते.

सातवी पायरी नोंदीची. काय बदलले, का बदलले, काय अडले. आज लिहिलेली दोन पाने पाच वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसाचे दोन महिने वाचवतात.

बॉयलरला दाखला, सर्व्हरला काय?

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. गिरणीच्या बॉयलरची हकीकत जुन्या कामगारांना माहीत आहे. बॉयलर फुटला तर माणसे मरत, म्हणून १९२३ सालच्या कायद्याने तपासणी व दाखला असल्याशिवाय बॉयलर चालवायला मनाई केली. २०२५ साली त्या जागी नवा कायदा आला, तरी दाखल्याची अट राहिलीच. मालकाला काय वाटते, या वर्षी नफा झाला की तोटा, यावर बॉयलरची तपासणी अवलंबून नसते. निरीक्षक येतो म्हणजे येतो.

आज शहराचा पाणीपुरवठा, इस्पितळ, बँक व बंदर ज्यावर चालतात तो सर्व्हर बॉयलरइतकाच गरम झालेला असतो. फक्त त्याची वाफ दिसत नाही. म्हणून नागरिकांनी आपल्या नगरपालिकेला, सहकारी बँकेला, धर्मादाय इस्पितळाला चार साधे प्रश्न विचारावेत. सर्व्हरांची यादी व त्यांच्या मुदतीच्या तारखा कागदावर आहेत काय? अंदाजपत्रकात निगेचे स्वतंत्र कलम आहे काय, की नव्या खरेदीतून उरले तरच निगा? बॅकअपवरून सर्व्हर परत उभा करून शेवटचा कधी पाहिला? आणि ज्याच्यावर ही जबाबदारी टाकली आहे त्याला हाताखाली माणसे, रात्रीच्या कामाची भरपाई आणि काम थांबवण्याचा अधिकार दिला आहे काय? यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सर्वसाधारण सभेत हात वर करण्याचे धैर्य लागते.

कामगारांनाही आमचे सांगणे आहे. धोका दिसला की तो तोंडी सांगून थांबू नका. तारीख घालून लिहून द्या व पोच घ्या. मर्स्कच्या त्या अधिकाऱ्यांचा इशारा आज जगाला ठाऊक आहे तो त्याची आठवण कोठेतरी राहिली म्हणून. ज्याच्या इशाऱ्याची नोंद नाही, त्याच्यावर उद्या दोष ढकलणे सर्वांत सोपे असते. आणि संघटनांनी वेतनाच्या मागणीपत्रात निगेच्या कामाचे तास हेही कलम घालावे. ते कलम कामगाराच्या हिताचे आहे तितकेच खातेदाराच्या आणि रुग्णाच्याही हिताचे आहे.

हा वैशाख महिना आहे. कोकणात या दिवसांत घरोघर कौले परतण्याचे काम चालते. ऊन रणरणत असते, आभाळात ढगाचा ठिपका नसतो, आणि माणूस छपरावर चढून फुटके कौल शोधीत असतो. त्याची मजुरी देताना "अजून गळत तर कोठेच नाही" असे म्हणून घरधनी पैसे कापीत नाही; मृग लागल्यावर वर चढता येत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपल्या शहराच्या सर्व्हरांच्या बाबतीत एवढे शहाणपण आपण अंगी आणले तरी पुष्कळ झाले.